झाकण नव्हतं म्हणून

सुभद्राच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याला अकरा दिवस झाले होते, तेव्हा कुठे तो कागद अश्लेषाच्या हातात पडला. दवाखान्याच्या फाईलमध्ये, एक्स-रेच्या पाकिटामागे घडी घालून ठेवला होता. अश्लेषा गोळ्यांची चिठ्ठी शोधत होती.

कंपनीचा छापील इंग्रजी फॉर्म होता. वर सुभद्राचं नाव, खातं, पाळी, तारीख. खाली 'अपघात कसा झाला' या रकान्यात दोन ओळींपुरती जागा, आणि तिथे टाइप केलेलं एकच वाक्य: 'ऑल्दो द कव्हर वॉज ओपन, द वर्कर पुट हर हँड इन द मशीन.' त्याखाली जांभळ्या शाईचा अंगठा.

अश्लेषा नागपुरात महाल भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीचे इंग्रजीचे क्लास घ्यायची. तेरा वर्षं झाली होती. हे वाक्य एखाद्या पेपरात आलं असतं तर तिनं न थांबता बरोबरची खूण केली असती आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली असती. आता तिनं ते तीनदा वाचलं.

सुभद्रा तिची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून बुटीबोरीत सूतगिरणीजवळ खोली घेऊन राहायची आणि कापूस पिंजायच्या मशीनवर काम करायची. दवाखान्यातून सुटल्यावर अश्लेषानं तिला आपल्याकडे आणलं होतं. या वेळी ती भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन, एका डाव्या हातानं वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

"ताई, हा अंगठा कोणी घेतला तुहा?"

सुभद्रानं वर पाहिलं. "तो होय. कंपनीचे ऋषिकेश साहेब आले होते ना दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. सफरचंदं घेऊन. म्हणे कागद लवकर गेला की दवाखान्याचं लवकर पास होते."

"आणि तू वाचल्याबिगर अंगठा देला."

"मी काय इंग्रजी वाचू वं? रितिका होती सोबत. तुहीच रितिका, तुह्या क्लासची, आता साहेबाच्या ऑफिसात आहे ते. तिनं वाचून सांगतलं मले. झाकण उघडं होतं हे लिहिलं आहे, मी हात घातला हे लिहिलं आहे. दोन्ही खरं आहे. मंग देला." ती थांबली. "काहून? नाही लिहिलं का तसं?"

"लिहिलं आहे."

"मंग?"

दोन्ही गोष्टी कागदावर होत्या. खोटं म्हणून बोट ठेवावं असा एकही शब्द नव्हता. फक्त त्या दोन गोष्टी ज्या शब्दानं बांधल्या होत्या, तो शब्द.

"त्यात असं आहे ताई, की झाकण उघडं असूनही बाईनं हात घातला."

सुभद्राचा हात शेंगेवर थांबला. "असूनही?"

"हो."

"म्हणजे दिसत होतं तरी घातला."

"हो."

"म्हणजे मी येडी." सुभद्रा हे अगदी हळू बोलली. मग तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "झाकण उघडं नव्हतं वं. झाकण नव्हतंच. तीन हप्त्यांपासून काढून ठेवलं होतं. झाकण उचललं की मशीन आपोआप बंद पडते, मंग माल कमी निघते. म्हणून झाकणच काढलं आणि त्याच्याखालचं मशीन बंद करणारं बटण तारेनं बांधून टाकलं. कापूस अडकला की चालू मशीनमधून हातानं काढा म्हणत. रोज वीस वेळा हात घालत होतो. मीच नाही, साऱ्याच बाया. मुकादम महादेवरावानं वहीत लिहिलं आहे हे. माह्यासमोर लिहिलं, रुमालात हात गुंडाळून बसली होती तेव्हा."

"मग वहीतलं इथं काहून नाही?"

"ते तुह्या रितिकाले विचार," सुभद्रा म्हणाली. आणि आतापर्यंत न आलेला राग तिच्या आवाजात आला तो वेगळ्याच जागी आला. "मले सही येते. अकरा वर्षांत पगाराच्या कागदावर कधी अंगठा नाही देला मी. तिथं बायांना सही शिकवली मी. आणि त्या दिवशी साहेबानं माहा अंगठा असा धरून दाबला, जसा लेकराचा धरते."

रितिकाला अश्लेषानं चार वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही.

संध्याकाळी दहावीची बॅच होती. पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर आलेली, आणि वेळापत्रकाप्रमाणे नेमकी वाक्यं जोडायची पाळी होती. अश्लेषानं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. तो माणूस आजारी होता. तो कामावर गेला. अठरा जणांनी न विचारता वह्यांत लिहायला सुरुवात केली, कारण कसं लिहायचं ते तिनंच त्यांना पाठ करून दिलं होतं. प्रश्नात दिलेला शब्द बघा, वाक्याच्या डोक्यावर ठेवा, मध्ये स्वल्पविराम द्या, पुढे चला. अर्थ वाचत बसाल तर पेपर सुटणार नाही. हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. पोरं ते एकमेकांना तिच्या आवाजात म्हणून दाखवायची.

"पेन खाली ठेवा," ती म्हणाली. "आजारी असूनही गेला, असं मी लिहिलं तर तो माणूस कसा वाटतो?"

कुणीतरी म्हणालं, मेहनती. कुणीतरी म्हणालं, मूर्ख.

"आणि त्याच्या साहेबानं त्याला बोलावून घेतलं असेल तर? ते कुठं आहे या वाक्यात?"

पहिल्या ओळीतल्या करिष्मानं हात वर केला. "मॅडम, हे परीक्षेत येणार आहे का?"

अश्लेषानं डस्टर टेबलावर आपटलं. खडूची पूड करिष्माच्या वहीवर उडाली. तेरा वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. करिष्माचा चेहरा पडला, आणि त्या पोरीची काही चूक नाही हे कळत असूनही अश्लेषाला तिची माफी मागता आली नाही. तिनं पंधरा मिनिटं आधीच क्लास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बसनं बुटीबोरीला गेल्या. वर्धा रोडवर धुकं होतं. सुभद्रानं बँडेजचा हात शालीत घेतला होता आणि खिडकीबाहेर पाहत होती. खापरी मागे पडली. तशी ती म्हणाली, "भांडू नको. मले तिथंच परत जायचं आहे."

"मी भांडायलाच चालली आहे."

"माहीत आहे. म्हणून सांगून राहिली."

फाटकावर नोंद करून त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. थोड्या वेळानं रितिका आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. सहा वर्षांपूर्वी ती अश्लेषाच्या क्लासला होती. बारीक, चष्मा लावलेली, व्याकरणात एक मार्क न जाऊ देणारी. तिची वही अश्लेषा पुढच्या बॅचेसना दाखवायची. आता ती इथं एका एजन्सीमार्फत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर कारकून होती.

"मॅडम, फोन नाही घेता आला, सॉरी."

"हे वाक्य तू लिहिलं?"

रितिकानं कागदाकडे पाहिलंच नाही. "हो."

"वहीत काय होतं?"

"महादेवरावांचं मराठी होतं. छोटी छोटी पाच-सहा वाक्यं. पण फॉर्ममध्ये दोनच ओळी असतात मॅडम. मुख्य ऑफिसला एका वाक्यात लागते. मी जोडलं."

"जोडलं." अश्लेषाचा आवाज चढला तसा फाटकावरचा गार्ड वळून पाहू लागला. "झाकण काढून ठेवलं होतं, त्याचं उघडं होतं केलं. तीन आठवडे गेले कुठं? बांधलेलं बटण गेलं कुठं? आणि बिकॉजच्या जागी ऑल्दो. तुला फरक कळत नाही असं मला सांगू नको रितिका. तुला तर नको."

"मी बिकॉजच लिहिलं होतं आधी."

"मग?"

रितिकानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर म्हणाले, बिकॉज लावलं तर आपल्यावर येते. दुसरं काही लाव. काय लावायचं ते नाही सांगतलं त्यायनं. मी लावलं." तिनं चष्मा सारखा केला. "तुम्हीच शिकवलं होतं मॅडम. एक नाही बसलं तर दुसरं लावून बघा. अर्थ वाचत बसू नका."

अश्लेषाला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी हेही कळलं की पोरगी उलट बोलत नव्हती. जे घडलं तेच सांगत होती. त्यानं राग कमी झाला नाही. उलट आता तो ठेवायला जागा उरली नाही.

ऋषिकेश साहेब आले ते हसतमुखानं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. आधी त्यांनी सुभद्राची विचारपूस केली, चहा सांगितला. मग कागद हातात घेऊन म्हणाले, "बोला मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?"

अश्लेषानं सांगितलं. सुरुवातीला नीट सांगितलं, शेवटी कागदावर बोट आपटत सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झाकण उघडं होतं हे आम्ही लपवलं का? नाही. लिहिलं आहे. बाईंनी हात घातला हे खरं की खोटं? खरं. तुम्ही इंग्रजीच्या टीचर आहात. यात व्याकरणाची चूक दाखवा, मी आत्ता बदलतो."

"चूक व्याकरणाची नाही."

"तेच तर म्हणून राहिलो मी."

"चूक नाही म्हणूनच हे हरामखोरी आहे," अश्लेषा म्हणाली. "अशुद्ध लिहिलं असतं तर मी समजले असते की येत नाही. हे येणाऱ्यानं लिहिलं आहे."

ऋषिकेश साहेबांचं हसू गेलं. "भाषा जपून वापरा मॅडम."

"मी भाषेचंच बोलते आहे."

तेव्हा सुभद्रा बोलली. "महादेवरावाले बोलवा," ती म्हणाली. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, तशी ती उठून आतल्या दाराशी गेली आणि तिथून जाणाऱ्या एका बाईला तिनंच सांगितलं, "महादेवरावाले सांग वं, सुभद्रा आली आहे, वही घेऊन बोलावते."

महादेवराव दहा मिनिटांनी आले. पाळीचे मुकादम, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. डोक्यावर रुईचे तंतू, काखेत वही. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि दारातच उभे राहिले.

"भाऊ, त्या दिवशीचं वाचून दाखवा," सुभद्रा म्हणाली.

"गरज नाही," ऋषिकेश साहेब म्हणाले.

महादेवरावांनी वही उघडली. त्यांनी वाचलं, शाळेतल्या पोरासारखं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. "सकाळपाळी. नऊ वाजून चाळीस. सहा नंबर मशीनचे झाकण तीन आठवड्यांपासून काढून ठेवले आहे. बटण तारेने बांधलेले आहे. मशीन चालू होते. कापूस अडकला. सुभद्राबाईने हात घातला. दोन बोटे गेली."

"झाकण कोणी काढायले सांगतलं होतं?" सुभद्रानं विचारलं.

महादेवरावांनी साहेबांकडे पाहिलं. मग वहीकडे. "मी जेवढं लिहिलं तेवढं लिहिलं, बाई. पुढचं मले नको विचारू."

"मला या पानाचा फोटो हवा," अश्लेषा म्हणाली.

"कंपनीची वही आहे. मिळणार नाही," ऋषिकेश साहेब म्हणाले. "आणि बाई, तुम्हाला परत कामावर यायचं आहे ना? मग बहिणीला समजवा थोडं."

चहा आला होता. सुभद्रानं तो घेतला नाही. "मी विचार करून राहिली होती साहेब, का बोटांचं दुःख जास्त आहे का कशाचं," ती म्हणाली. "बोटं तर मशीननं नेली. मशीनले काय समजते." आणि ती बाहेर चालू लागली.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास अश्लेषाच्या फोनवर रितिकाकडून दोन फोटो आले. सोबत एक अक्षरही नव्हतं. पहिला फोटो वहीच्या पानाचा. दुसरा फॉर्मच्या पहिल्या कच्च्या प्रतीचा. त्यात लिहिलं होतं की झाकण काढून ठेवलं होतं म्हणून कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. 'बिकॉज' भोवती लाल पेनानं गोल, आणि बाजूला दोन शब्द, ऋषिकेश साहेबांच्या अक्षरात: 'नॉट धिस'.

अश्लेषानं तक्रार मराठीत लिहिली. सुभद्रानं सांगायचं, तिनं लिहायचं. लिहिताना सवयीनं अश्लेषा दोन वाक्यांमध्ये 'त्यामुळे' घालायला जायची, आणि सुभद्रा अडवायची. "तसं नको लिहू. मी म्हटलं तेवढंच लिही. बाकी त्यायले वाचू दे." एकदा दोघींचं यावरून कडाक्याचं वाजलं. 'म्हणून' हा शब्द तरी हवाच, नाही तर दोष कुणाचा ते कळणार नाही, असं अश्लेषाचं म्हणणं. सुभद्रा शेवटी म्हणाली, "बरं, एक 'म्हणून' लिही. एकच." तो एक कुठं घालायचा यावर त्यांनी अर्धा तास घालवला. मग तक्रार, दोन फोटो आणि दवाखान्याचे कागद घेऊन अश्लेषा स्वतः कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन देऊन आली आणि पोच घेऊन आली.

पाचव्या आठवड्यात तपासणी झाली. त्यानंतर चार दिवसांत खात्यातल्या सगळ्या मशीनवर झाकणं बसली. बायांनी सुभद्राला फोन करून सांगितलं की तारा काढल्या, आता अडकलं की मशीन बंद करूनच हात घालतो, आणि माल कमी निघाला तरी कोणी ओरडत नाही, निदान सध्या तरी. नवा अहवाल गेला. त्यात दोष कंपनीचा असं होतं. सुभद्राला कायद्यानं जे मिळायचं ते मिळालं आणि सूत तपासायच्या खोलीत बसून करायचं काम मिळालं. ऋषिकेश साहेबांची बदली कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमध्ये झाली. वरच्या जागेवर झाली. हे ऐकलं तेव्हा अश्लेषा भाजी चिरत होती. ती अर्धवट टाकून ती गच्चीवर जाऊन उभी राहिली.

रितिकाचा करार फेब्रुवारीत संपला आणि पुढे वाढवला गेला नाही.

हे अश्लेषाला सुभद्राकडून कळलं. त्यानंतरच्या रविवारी ती रितिकाच्या घरी गेली. सक्करदऱ्याच्या पुढं, एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार रितिकाच्या आईनं, सरितानं उघडलं. तिनं अश्लेषाला ओळखलं आणि बसा म्हटलं नाही.

"तुमच्या बहिणीचं झालं ना समदं?" सरिता म्हणाली. "चांगलं झालं. माह्या पोरीचं काय? आठ महिने फिरली होती ती या नोकरीसाठी. तुमचे फोटो गेले आणि तिचं कार्ड बंद झालं. तिनं पाठवले हे साऱ्यायले समजलं. तुम्ही तिचं नाव नाही घेतलं म्हणता, पण कागद बोलते ना."

अश्लेषानं रितिकाचं नाव कुठंच घातलं नव्हतं, हे खरं होतं. पण लाल गोलाचा कागद दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं, हे जोडताना तिला कळलं होतं, आणि तरी तिनं तो जोडला होता.

रितिका आतून बाहेर आली. "आई, तू जा आत." सरिता गेली नाही. कपाटाला टेकून उभी राहिली.

"मी माफी मागायला आले," अश्लेषा म्हणाली. "मी तुला शिकवलं ते…"

"मॅडम, ते सोडा." रितिकाचा आवाज फाटला होता. क्लासमध्ये जिचा आवाज कधी वर गेला नव्हता, ती पोरगी आता दात आवळून बोलत होती. "तुम्हाला वाटून राहिलं की मी तो फोटो तुमच्यासाठी पाठवला. तुमच्यासाठी नाही पाठवला. मला झोप येत नव्हती म्हणून पाठवला. आणि तुम्ही आलात, मॅडम, कारण ती तुमची ताई होती. माझ्या टेबलावरून दोन वर्षांत असे किती कागद गेले माहीत आहे तुम्हाला? एकाही कागदासाठी कोणी आलं नाही. त्यांच्या घरी कोणी इंग्रजीची मॅडम नव्हती."

"किती?"

"काय?"

"किती कागद गेले असे?"

रितिका जराशी गोंधळली. "मी जोडलेले नऊ. बाकीचे माझ्या आधीचे."

"नऊ जणांची नावं आठवतात?"

"आठवतात." मग रागानंच, "सगळी आठवतात. विसरायला येतात का ती?"

अश्लेषानं पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता. तिनं सरिताकडे मागितला. सरिता हलली नाही. शेवटी रितिकानंच टीव्हीजवळची एक वही ओढली, मागचं कोरं पान फाडलं आणि अश्लेषापुढं जवळजवळ फेकलं. अश्लेषा फरशीवर बसली.

"काजल," रितिका उभ्यानंच म्हणाली. "पॅकिंगमधली. पाय घसरला होता तिचा. तेलावरून. तेल कुणी पुसलं नव्हतं ते मी लिहिलं नाही. लिहिलं की घाईत होती."

"आडनाव?"

"आडनाव नाही माहीत. हजेरीच्या यादीत असेल. पुढचं लिहा. नत्थूजी. बॉयलरवरचे."

मग सरिता म्हणाली, "थांबा, खाली बसून लिहू नका, गार आहे," आणि सतरंजी आणायला आत गेली. तिचा चेहरा मात्र तसाच होता.